लांबचे शेजारी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्न मी वीस वर्षांपूर्वीच करून पाहिले होते. घर बांधून पाहण्याचा योग मात्र पंचेचाळिशीत आला. शाळामास्तराचे घर ते केवढे असणार? दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लहानशी ओसरी आणि मागे एक कडुनिंब. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे, सौभाग्यवतीच्या पाटल्या आणि बँकेचे वीस वर्षांचे कर्ज ह्या तिघांच्या संगनमताने ते हिंगोलीत एकदाचे उभे राहिले.

गिलावा चालू असतानाच, २१ मार्च २०२४ रोजी, सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. यंत्रांनी त्या धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदवली. दहा-अकरा मिनिटे गेली नाहीत तोच ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का आला. आम्ही तेव्हा भाड्याच्या खोलीत होतो. बाहेर पळालो आणि तसेच अनवाणी नव्या घराकडे गेलो. घर जागेवर होते. पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, वास्तुशांत करून आम्ही राहायला आलो. तीन महिने सुखात गेले. आणि १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा तोच ४.५ चा धक्का! मांडणीवरची दोन पातेली खाली आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर केसाएवढी एक रेघ उमटली. औंढ्याजवळ विश्वाच्या पलीकडची कंपने टिपण्यासाठी वेधशाळा उभारली जात आहे, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. खुद्द आमच्या मांडणीवरची कंपने टिपायला कोणत्याही वेधशाळेची गरज पडली नाही.

मिस्त्रीने रेघ पाहिली, बोटाने टोकरली आणि म्हणाला, “गुरुजी, काई न्हाई झालं. नवं घर हाय, बसतंय अजून.”

मिस्त्री गेला. पण सौभाग्यवती रेघेकडे पाहत उभ्याच होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अहो, घर पडलं तर कर्जसुद्धा पडतं का?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, आणि ते देण्याचे धैर्य होईना. म्हणून मी जे नेहमी करतो तेच केले : इतिहासात शिरलो. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. अर्थशास्त्रातले मला काही कळत नाही. पण घर गेल्यावर माणसाला पुन्हा कोण उभे करतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नसून माणसांचा आहे, एवढे मला त्या शोधात कळले. तेच आज दिवाळीच्या निमित्ताने सांगावयाचे आहे.

आमच्या मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब-तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. अशा घराचा विमा म्हणजे काय? तर गाव. कुणाच्या गोठ्याला आग लागली की एक जण कडब्याच्या पेंढ्या देई, दुसरा चार वासे देई, तिसरा बैलगाडीने माती आणून टाकी. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण अशाच अनुभवातून आली असली पाहिजे. ह्या देण्याघेण्याची वही कोणी ठेवीत नसे. तरी कोणी दिले आणि कोणी दिले नाही, हे तीन पिढ्या ध्यानात राही.

ही गोष्ट फार जुनी आहे. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात शहराच्या बंदोबस्ताचे प्रकरण लिहिताना आगीचा विचार तपशिलाने केला आहे. घरोघर पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आकडा ही साधने ठेवावीत, असे तो सांगतो. पुढे म्हणतो की, जळत्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण दंड करावा आणि भाडेकऱ्यास सहा. शेजाऱ्याने धावून जावे हा नुसता उपदेश नव्हता, तो कायदा होता. भाडेकऱ्याला निम्मा दंड का, ह्याचा उलगडा मला स्वतः घरमालक झाल्यावर झाला!

‘विमा’ हा शब्दही आपल्याकडे कालपरवाचा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुजनराय नावाच्या ग्रंथकाराने फारसीत हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. त्यात सराफ लोक व्यापाऱ्यांचा माल ‘बीमा’ घेऊन सुखरूप पोचवीत, असे वर्णन आहे. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल मुक्कामी पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे. वाटेत बुडाला तर जोखीम हुंडी घेणाऱ्याची. मौज अशी की, हे सारे वाटेवरच्या मालासाठी होते. घराच्या विम्याचा विचार कोणाला शिवला नसावा, आणि त्याचे कारण मला सरळ वाटते. वाटेवर माणूस एकटा असतो. घरी त्याला शेजार असतो.

मग घराच्या विम्याची गरज प्रथम कोठे पडली? जेथे शेजारही घराबरोबरच जळाला तेथे. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहराला आग लागली आणि चार दिवसांत तेरा हजारांवर घरे जळाली. जळलेल्या घराचे भाडे भाडेकऱ्याने द्यावयाचे की नाही, घर कोणी बांधावयाचे, असले तंटे सोडवायला खास न्यायालय नेमावे लागले. पुढे पंधराएक वर्षांनी निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने घरांच्या आगविम्याची कचेरी काढली. हा बार्बन शिक्षणाने वैद्य आणि धंद्याने घरे बांधणारा. त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे : विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के हप्ता आणि लाकडी घराला पाच टक्के. घर कशाचे आहे, हा प्रश्न विम्याने पहिल्या दिवसापासून विचारला आहे. विमेदारांच्या घरांवर कंपन्या आपल्या खुणेच्या धातूच्या पाट्या ठोकीत आणि आग विझवायला स्वतःची माणसे ठेवीत. धावून येणारा शेजारी आता हप्ता भरून मिळू लागला.

आपल्याकडे मुंबईला हा धडा १८०३ मध्ये मिळाला. त्या वर्षी १७ फेब्रुवारीला कोटातल्या बाजाराला आग लागली आणि दाटीवाटीची वस्ती जळाली. त्यानंतर पुष्कळ लोक कोटाबाहेर जाऊन राहिले. पुढे विमा कंपन्या आल्या, त्या साहेबाच्या बोटीतून. १८५० मध्ये कलकत्त्याला ‘ट्रायटन’ निघाली. १९०७ मध्ये मुंबईत ‘इंडियन मर्कंटाइल’ ही हिंदी माणसांची कंपनी निघाली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी ‘न्यू इंडिया’ स्थापन केली. परंतु ह्या कंपन्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः गिरण्या, गोदामे आणि पेढ्या. ओसरीवर बसलेल्या मराठी माणसापर्यंत आयुष्याचा विमा पोचला; घराचा पोचला नाही.

आणि पोचला तरी एक गोम राहतेच. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज फुटले. त्यात कापूस होता, स्फोटक दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. जळता कापूस शहरभर उडाला आणि आग पसरली. अशा वेळी आगविम्याच्या कागदावरचा बारीक मजकूर पुढे येतो. त्या काळच्या साध्या आगविम्यात स्फोटाने झालेले नुकसान धरलेले नसे. मग ही आग की स्फोट? अखेर सरकारला भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. तात्पर्य, विमा ‘संकटाचा’ नसतो. तो नाव लिहिलेल्या संकटाचा असतो.

संकटे तर नवनव्या नावांनी येत राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. आगीला भिऊन ज्यांनी आगीचा कागद केला असेल त्यांना पाण्याने गाठले. पाण्याला भिऊन जे डोंगरावर गेले त्यांना भूकंपाने!

आता आमच्या घरचे दुःख सांगतो. १९९३ च्या सप्टेंबरची २९ तारीख. अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे रात्री उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली बावन्न गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. ज्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले, त्याच ढासळल्या. ज्या माळवदाने घर गार ठेवले, त्याचीच माती अंगावर आली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आमच्या गावातून भाकरीची गाठोडी आणि पांघरुणे भरून गाडी गेली, एवढे मला स्वच्छ आठवते.

किल्लारीने नुसती घरे पाडली नाहीत. ‘गाव करी ते’ ही म्हणसुद्धा त्या पहाटे पडली. ज्याच्याकडे वासे मागावयाचे त्याचेच घर पडलेले. ज्याने गाडी जुंपून माती आणावयाची तो स्वतःच मातीखाली. शेजारधर्म आटला होता असे नव्हे. शेजारीच उरला नव्हता. मदत आली ती लांबून : लष्कर आले, सेवाभावी संस्था आल्या, पुढे जागतिक बँकेचे कर्ज घेऊन सरकारने नवी गावे वसवली. त्यांचे उपकार थोर. पण सरकार घर देते ते नियमाने देते. भूमिहीनास आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यापुढे साडेसातशे. हा नियम अन्यायाचा होता असे मी म्हणत नाही. लाखो माणसांचा प्रश्न नियमाशिवाय सुटत नाही. मात्र तुमचे काय गेले ह्याच्याशी त्या नियमाची गाठ नव्हती. आणि मदत ही मागावी लागते. हक्काने वसूल करता येत नाही.

येथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विमा म्हणजे लांबचे शेजारी! ज्यांना आपण कधी पाहिले नाही, जे कोकणात राहतात, पंजाबात राहतात, ज्यांचे घर आपल्या घराबरोबर एकाच पहाटे पडणार नाही, अशा हजारो घरमालकांनी आपापल्या चार पेंढ्या आधीच एका ठिकाणी जमा करून ठेवावयाच्या, आणि ज्याचे घर जाईल त्याने त्या नेमून दिलेल्या करारानुसार उचलावयाच्या. जवळच्या शेजाऱ्याला हा पर्याय नव्हे. पातेले खाली पडताच ‘काय झालं हो वहिनी?’ म्हणून जो धावत येतो तो जवळचाच. पण सगळी आळी एकदम पडली, तर लांबचेच उपयोगी.

हे व्याख्यान मी घरी ऐकवले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं. मग आपण कधी घ्यायचा?”

“आपला आहे ना,” मी म्हणालो. “कर्ज घेताना बँकेत कापला होता की!”

कपाटातून कागद काढला. वाचला. तो घराचा विमा नव्हताच. कर्जदाराच्या आयुष्याचा होता. म्हणजे मी गेलो तर कर्ज फिटणार, घर गेले तर नाही. “म्हणजे तुम्ही पडलात तर कर्ज पडतं,” सौभाग्यवती म्हणाल्या, “घर पडलं तर तुम्हीच उभं राहायचं.” सही करताना मी तो वाचला नव्हता. रोज मुलांना ‘वाचून उत्तर लिहा’ सांगणारा मास्तर मी! वाचकांपैकी ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांनी फराळ झाल्यावर आपला कागद जरूर काढून पाहावा.

मग आम्ही दोघे टेबलाशी बसलो. विम्याच्या धंद्यात मधल्या काळात पुष्कळ घडामोडी झाल्या होत्या. १ जानेवारी १९७३ पासून एकशेसात कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या. शतक पालटताना खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. भूकंपाचे संरक्षण अनेक वर्षे वेगळा हप्ता भरून मागून घ्यावे लागे. मागितले नाही तर मिळत नसे. १ एप्रिल २०२१ पासून मात्र नियामक मंडळाने ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकच ठरीव पॉलिसी सर्व कंपन्यांना विकावयास लावली. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूकंप आणि दंगल ही नावे आधीच लिहिलेली आहेत. मजकूर सर्वत्र सारखा. म्हणून हप्ता आणि कंपनीची वागणूक एवढीच तुलना करावी लागते.

पहिला प्रश्न रकमेचा. जागेसह आमच्या घराला लोक पंचवीस लाख सांगतात. पण जमीन जळत नाही, बुडाली तरी नाहीशी होत नाही. विमा जमिनीचा नसून पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. आमचे आतले क्षेत्र सातशे चौरस फूट. बांधकामाचा आजचा दर मिस्त्रीने अठराशे सांगितला. म्हणजे १२,६०,००० रुपये. कर्ज नऊ लाखांचे आहे म्हणून नऊ लाखांचा विमा घेतला असता, तर बँक सुटली असती आणि आम्ही तीन भिंतींत राहिलो असतो. अनेक वर्षांची पॉलिसी घेतली तर ही रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते, हीही सोय आहे; सिमेंट काही आपल्यासाठी स्वस्त होत नाही.

पूर्वी आणखी एक जाच असे. दहा लाखांच्या घराचा पाच लाखांचाच विमा असला, तर दोन लाखांच्या नुकसानीत एकच लाख हाती पडे. ह्या पॉलिसीत तो नियम लावीत नाहीत. तरी लिहिलेल्या रकमेच्या वर कोणी देत नाही, तेव्हा कमी लिहिण्यात शहाणपण नाहीच.

दुसरा प्रश्न सामानाचा. घराचा विमा घेतला की त्याच्या वीस टक्के रकमेचे घरसामान आपोआप धरले जाते, दहा लाखांच्या मर्यादेत. आमचे झाले २,५२,०००. “एवढं सामान आहे कुठे आपल्याकडे?” म्हणून मी हसलो, पण सौभाग्यवतींनी वही घेऊन खोलीखोलीतून यादी केली तेव्हा हसू मावळले. फ्रीज, शिलाई मशीन, पितळी भांडी, दोन कपाटे, गाद्या, पंखे. संसार किती जमला आहे, हे माणसाला मोजल्याशिवाय कळत नाही. यादीबरोबर प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवली. विकण्यासाठी साठवलेला माल मात्र घरसामान नव्हे. वसमतकडची ज्यांची हळदीची पोती माडीवर असतात, त्यांनी त्यांचा वेगळा विचार करावा.

तिसरा प्रश्न : काय नाही? हे पान सर्वांत आधी वाचावे, असे माझे मत झाले आहे. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून त्यांची किंमत ठरवून घ्यावी लागते. साध्या घरफोडीची चोरी ह्यात नाही. आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी आहे. एरवीच्या चोरीची ज्याला भीती असेल त्याने वेगळी पॉलिसी घ्यावी. रोकड नाही. नवे बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा नाहीत. म्हणजे मिस्त्रीचे निदान विमा कंपनीलाही ठाऊक होते! आणि त्याच ओळींत एक शब्द वाचून मी थबकलो : ‘हस्तलिखिते’. खास लिहून घेतल्याखेरीज हस्तलिखितांचे नुकसान भरून मिळत नाही. माझ्या कादंबऱ्यांची पाच बाडे त्याच कपाटात होती. बाजारात त्यांची किंमत काय, हे मी प्रकाशकाला विचारून बसलेलो आहे. तेव्हा कंपनीला दोष देत नाही.

एवढे करून विमा उतरवला. पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. विमा घर परत देतो, माणूस देत नाही. मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने लोकांना सांगितले होते की, पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून टाका. त्या सूचनेला एक पैसा हप्ता नाही. आमच्या ४.५ च्या धक्क्यापेक्षा किल्लारीच्या भूकंपात शेकडो पट अधिक शक्ती होती. तसा धक्का आमच्याकडे येईल असे मी म्हणत नाही. पण माळवदाखाली निजणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांच्या छपराची माती कमी करणे, भिंतींना पट्टा बांधणे हे पहिले काम आहे. कागद दुसरा.

त्या कागदाचीही गंमत ऐका. पॉलिसी मी मोठ्या बंदोबस्ताने लोखंडी पेटीत ठेवत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, घरच पडलं तर पेटी कुठं शोधायची?” म्हणून तिची एक प्रत, सामानाची यादी आणि माझी पाच बाडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परभणीला बहिणीकडे नेऊन दिली. तिने गाठोडे हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, “दादा, ह्यात एवढं जड काय आहे रे?”

“घर,” मी म्हणालो.

तिने ते देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवले आणि चहा टाकायला आत गेली.